अनुदान तारेला, कर ग्राहकाला

महोदय,

ब्रॉडबँड कंपन्यांना सरकारने आणखी मदतीचा हात द्यावा, हा आपला कालचा अग्रलेख वाचला. करमणूक झाली, आभारी आहे.

अजून किती हात द्यायचा? ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेटची तार नेण्याच्या २०११ साली मंजूर झालेल्या योजनेचे पुढे 'भारतनेट' म्हणून बारसे झाले. २०२३ च्या ऑगस्टात तिच्याच सुधारित आवृत्तीला १ लाख ३९ हजार कोटींहून जास्त रक्कम मंजूर झाली. हा पैसा ज्या निधीतून येतो, तो दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावरील ५ टक्के आकारणीतून भरतो. म्हणजे शेवटी आमच्याच बिलातून.

आमच्या ग्रामपंचायतीतही भारतनेटची पेटी आहे. बसवली तेव्हा नारळ फुटला, फोटो निघाला, पेपरात आला (आपल्याच). पुढे बॅटऱ्या उतरल्या आणि लाईट गेली की पेटीही झोपू लागली. मग रस्ता रुंद करताना जेसीबीने साईडपट्टीतली केबल उचकटली. ती कोणी जोडायची? ठेकेदार म्हणतो देखभालीची मुदत संपली, कार्यालय म्हणते वर कळवले आहे. 'वर' म्हणजे कुठे, हे विचारल्यावर साहेब चहा मागवतात. सध्या पेटीचा प्लग काढून त्या जागी टेबलफॅन लावला आहे, त्यामुळे निदान साहेबांना तरी योजनेचा लाभ मिळतो. ई-पीक पाहणीचे फोटो चढवायला लोक अजून देवळामागच्या टेकाडावरच जातात. तिथे रेंज येते.

शेवटी मी गावातल्या केबलवाल्याकडून जोडणी घेतली. तो बिचारा पावसात स्वतः खांबावर चढतो. त्याला कोणत्या योजनेतून छदाम मिळाल्याचे ऐकिवात नाही. मी मात्र बिलावर १८ टक्के जीएसटी नेमाने भरतो. ग्रामीण भागात तारेच्या ब्रॉडबँडचे निम्मे मासिक शुल्क, जास्तीत जास्त २०० रुपये, थेट ग्राहकाच्या खात्यात जमा करावे, अशी शिफारस ट्रायने, म्हणजे दूरसंचार क्षेत्राच्या नियामकानेच, ऑगस्ट २०२१ मध्ये केली होती. तिचे पुढे काय झाले, हे विचारायला आपल्या अग्रलेखात एक ओळही सापडू नये? कंपन्यांच्या अडचणींना मात्र आपण दोन परिच्छेद दिलेत. ग्राहकाच्या हातात पैसे पडले, तर जो जोडणी चालू ठेवेल त्यालाच तो ते देईल. केबल पुरली की बिल मंजूर, ही पद्धत कंपन्यांना आणि ठेकेदारांना सोयीची आहे एवढेच.

जाता जाता आणखी एक. हल्ली आपण बातमी अर्ध्यावर सोडून खाली काळा-पांढरा चौकोन छापता आणि 'सविस्तर संकेतस्थळावर' म्हणून मोकळे होता. वर्गणी पूर्ण अंकाची घेता ना? निदान बाजारभावाचा तक्ता तरी पूर्वीसारखा कागदावरच छापा. कांद्याचा भाव बघायला टेकाडावर जाण्याचे माझे वय राहिलेले नाही.

— एक जुना वर्गणीदार, जि. सातारा