हेलसिंकीत भेटलेला 'कुस्तीगीर'

हेलसिंकी,
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप आबांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मागच्या आठवड्यात फोनवर तुम्ही विचारलेत, की खाशाबा जाधवांनी जिथे पदक मिळवले त्या गावात कुस्तीला काय म्हणतात. मला उत्तर देता आले नाही आणि ते मनाला लागून राहिले. म्हणून रविवारी मी त्योलो भागातले ते क्रीडागृह पाहून आले. १९५२ च्या ऑलिंपिकमधल्या कुस्त्या तिथेच झाल्या होत्या; त्या वेळी त्या इमारतीला 'मेस्सुहाल्ली', म्हणजे प्रदर्शनाचे दालन, म्हणत. प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ज्याला पाठवले, तो आपल्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा मल्ल याच छपराखाली कांस्यपदक जिंकला, हे आठवले आणि दारातच माझे हात जोडले गेले.

तर उत्तर असे, की फिनिश भाषेत कुस्तीला 'पाइनी' म्हणतात. हा शब्द त्यांच्या घरचाच आहे. दाबणे, भार टाकणे या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचे नाते आहे, आणि प्रतिस्पर्ध्याला खाली दाबून धरण्याच्या खेळाला ते नाव शोभते. फ्री स्टाईलला ते 'वापापाइनी' म्हणतात, कारण 'वापा' म्हणजे मुक्त. आपण मात्र 'फ्री स्टाईल' हे नाव जसेच्या तसे घेतले. 'कुस्ती' हा उच्चारही मी इथे एकदा ऐकला आणि चमकून मागे वळले. पण ते एका गृहस्थांचे नाव निघाले. स्वीडनच्या राजांच्या 'गुस्ताव' या नावाचे फिनिश रूप 'कुस्ता' आणि त्याचे घरगुती रूप 'कुस्ती'. आपल्या कुस्तीशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

फुटबॉलची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. इथल्या पाट्या फिनिश आणि स्वीडिश अशा दोन भाषांत असतात. त्योलोच्या फुटबॉल मैदानाच्या नावात वर 'यल्कापाल्लो' आणि खाली 'फूटबोल' असे शब्द येतात. मला प्रथम वाटले, की स्वीडिश लोकांनी इंग्रजी शब्द उचलला आणि फिन लोकांनी स्वतःचा घडवला. वास्तविक दोघांनीही 'पाय' आणि 'चेंडू' हे आपापले शब्द जोडले आहेत. स्वीडिश ही इंग्रजीची नातलग भाषा असल्यामुळे तिचे भाषांतरही उसनवारीसारखे दिसते, इतकेच. त्यातही 'यल्का' म्हणजे पाय हा अस्सल फिनिश शब्द, पण 'पाल्लो' म्हणजे चेंडू हा फार जुन्या काळी स्वीडिशच्या घराण्यातूनच आलेला आहे. जुन्या फिनिशमध्ये 'ब' हा उच्चार नव्हता, म्हणून 'ब'चा 'प' झाला. शिवाय मैदानावर मुले यल्कापाल्लो म्हणतच नाहीत, ती 'फुटिस' म्हणतात. म्हणजे पाटीवर भाषांतर आणि तोंडात उसना शब्द, असा व्यवहार एकाच गावात सुखाने चालतो.

बॅडमिंटनला इथे 'सुल्कापाल्लो', म्हणजे पिसाचा चेंडू, म्हणतात. इंग्रज शिपाई हा खेळ पुण्यात खेळत आणि सुरुवातीला त्याला 'पूना' असेच म्हणत. पुढे इंग्लंडातल्या बॅडमिंटन नावाच्या हवेलीवरून त्याचे नाव रूढ झाले आणि आपल्याकडे तो त्याच नावाने परतला. आपण नाव तसेच ठेवले, पण शटलला 'फूल' म्हणू लागलो, याचे मला फार कौतुक वाटते. क्रिकेटचेही तसेच आहे: खेळाचे नाव परके राहू दिले, पण चेंडू टाकणाऱ्याला तोफखान्यातला 'गोलंदाज' हा जुना शब्द दिला आणि त्याच धर्तीवर फळीला 'अंदाज' जोडून 'फलंदाज' घडवला.

आता खरी हकिगत सांगते. आमच्या प्रयोगशाळेत तेहरानचे एक सहकारी आहेत. कॉफीच्या वेळी मी त्यांना लाल मातीतला तुमचा जुना फोटो दाखवला आणि "माझे आजोबा कुस्तीगीर होते," असे सांगताना तो एक शब्द मराठीच वापरला. त्यांनी हातातला पेला खाली ठेवला आणि "कोश्तीगीर?" असे विचारले. फारसीत कुस्तीगीराला अगदी हेच म्हणतात. मग आम्ही एकेक शब्द समोर ठेवत गेलो: पैलवान त्यांचा 'पहलवान', वस्ताद त्यांचा 'ओस्ताद', खुराक त्यांचा 'खोराक'. 'कोश्ती' हा शब्द कमरपट्ट्याच्या जुन्या पहलवी नावावरून आला आहे, आणि पारशी लोक कमरेला बांधतात ती पवित्र कस्ती म्हणजे त्याच शब्दाचे दुसरे रूप. आबा, फुटबॉलला शुद्ध मराठी नाव हवे असे काका नेहमी म्हणतात. मला ते पटत नाही. कारण आपण ज्या शब्दाला आपल्या मातीचा म्हणून कपाळी लावतो, तो कुस्ती हा शब्दच बाहेरून आला आणि आपल्या आखाड्यात पिढ्यान् पिढ्या घाम गाळून आपला झाला.

'तालीम' या शब्दाशी मात्र ते अडले. अरबीतून फारसीत गेलेल्या या शब्दाचा अर्थ त्यांच्याकडे केवळ शिक्षण. शिक्षणाला दार, छप्पर आणि कुस्तीच्या मातीचा हौदा कसा असेल, हे त्यांना उमगेना. त्यावर मी सांगितले, की आमच्या गावात तालमी फुटबॉलही खेळतात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम समोरासमोर आल्या, की पेठाच्या पेठा लोटतात. दिलबहार तालमीचे नाव ऐकल्यावर त्यांनी ते दोनदा स्वतःशी उच्चारले. ते पूर्ण नाव त्यांना भाषांतरावाचून कळत होते, आणि तो फुटबॉलचा संघ आहे यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. मी त्यांना सामन्याची चित्रफीत दाखवली, तेव्हा कुठे पटले.

आता त्यांना आपल्या डावांची नावे हवी आहेत. ढाक, घिस्सा, एकेरी पट आणि मोळी एवढी मी सांगितली. पण मोळी कशी बांधतात हे हातांनी दाखवताना माझी फजिती झाली. तेव्हा तुम्हाला आठवतील तितके डाव, प्रत्येकापुढे पकड कुठे धरायची ते एका ओळीत, तुमच्या हाताने वहीत लिहावेत आणि आईला फोटो काढून पाठवायला सांगावे. आजीला नमस्कार. गुडघ्याला तेल चोळण्यात खंड पडू देऊ नये.

तुमची नात