सीव्ही पाठवण्याआधी

हॅरो, रविवार संध्याकाळ

प्रिय मंदार,
स. न. वि. वि.

आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहायची परवानगी) हातात पडलं, अभिनंदन! स्किल्ड वर्कर व्हिसाच्या स्पॉन्सरची दोरी सुटली, आता काँट्रॅक्टिंगला, म्हणजे ठरावीक मुदतीची कामं घ्यायला, मोकळा झालास. अशी कामं मिळवून देणाऱ्या रिक्रूटमेंट एजंटांशी कसं वागायचं, असं तू विचारलंस. मुळात ‘माझा एजंट’ असं काही नसतं. त्याचं बिल क्लायंट भरतो आणि क्लायंट देतो त्यातून तुला मिळतात ते वजा जाता उरतं ते त्याचं, साधारण दहा ते वीस टक्के. काम शोधून देण्याबद्दल तुझ्याकडून पैसे घ्यायला त्याला १९७३ च्या एम्प्लॉयमेंट एजन्सीज ॲक्टने बंदी आहे. ‘आमच्याकडून सीव्ही लिहून घ्या, तरच नाव पुढे पाठवू’ म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेव.

पहिला फोन बहुतेकदा लंडनच्या नंबरावरून येईल, बोलणारा मात्र नोएडात बसलेला असेल. त्यात वावगं काही नाही. काम खरं आहे का, एवढंच बघायचं. क्लायंट कोण, ऑफिसला आठवड्यातून किती दिवस, आयआर३५ इनसाइड की आउटसाइड (म्हणजे करासाठी तू नोकरदारासारखा धरला जाणार की स्वतंत्र व्यावसायिक), मुदत किती, इंटरव्ह्यू कोण घेणार आणि कधी, हे विचार. खरं काम असलेला माणूस यातलं निम्मं तरी पटकन सांगतो. ‘खूप ओपनिंग्ज आहेत, आधी सीव्ही टाका’ म्हणणारा बहुधा नुसता गळ टाकून बसलेला असतो. तोच पुढे गप्पांच्या ओघात विचारेल, ‘सध्या कुठे कुठे इंटरव्ह्यू चालू आहेत?’, ‘आधीच्या कामात मॅनेजर कोण होते?’ ही तुझी चौकशी नव्हे. त्या मॅनेजरला फोन करून आपल्याकडची माणसं विकायचा या एजंटचा डाव असतो. रेफरन्स ऑफर आल्यावरच देईन, एवढं गोड बोलून सांगायचं.

क्लायंटचं नाव कळल्याशिवाय सीव्ही पुढे जाऊ देऊ नकोस. एकाच जागेसाठी दोन एजन्सींकडून तुझा सीव्ही गेला, तर कमिशनचा वाद नको म्हणून क्लायंट दोन्ही सीव्ही बाजूला टाकतो आणि तुला कुणी कळवतही नाही. म्हणून एजंटला एक छोटी ईमेल कर: ‘अमुक क्लायंट, अमुक रोल, दिवसाला इतके पौंड, इनसाइड किंवा आउटसाइड, या एका जागेसाठी माझं नाव पाठवायला परवानगी.’ खाली तारीख. याला ते ‘राइट टू रिप्रेझेंट’ म्हणतात. त्यांनी पाठवलेला मजकूर आला तर त्यात ‘त्या क्लायंटकडच्या सगळ्या जागांसाठी’ असं घुसडलेलं नाही ना, ते बघ. एका वहीत तारीख, एजंट, क्लायंट आणि रेट लिहून ठेव. तिसऱ्या आठवड्यात हीच वही वाचवते.

रेटची घासाघीसही याच वेळी. तुझा आकडा क्लायंटकडे एकदा गेला की तो वाढवणं जवळजवळ अशक्य. आणि इनसाइडचा आकडा फसवा असतो, तो मात्र नीट बघ. दिवसाला ५०० पौंड म्हणजे आठवड्याला २,५०० झाले. इनसाइड कामात तुला कागदोपत्री नोकरीवर ठेवून पगार देणारी मधली कंपनी असते, तिला अंब्रेला म्हणतात; तिचे २५ गेले, राहिले २,४७५. पण मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्सही (पगारावरची सरकारी वर्गणी) याच पैशातून जातो: आठवड्याला ९६ पौंडांच्या वरच्या रकमेवर १५ टक्के. शिवाय ॲप्रेंटिसशिप लेव्ही हा मालकावरचा आणखी एक कर, पगाराच्या अर्धा टक्का. उलटं गणित केलंस तर तुझा ग्रॉस पगार साधारण २,१५५ पौंड येतो, म्हणजे दिवसाला ४३१. यात सुट्टीचा पगार धरलेला आहे, पेन्शन धरलेलं नाही, आणि तुझा इन्कम टॅक्स आणि स्वतःचा नॅशनल इन्शुरन्स अजून कापायचाच आहे. म्हणून ‘रेट किती’ असं मोघम विचारू नकोस. ‘हा अंब्रेलाला मिळणारा असाइनमेंट रेट की माझा पीएवायई रेट (म्हणजे माझा ग्रॉस पगार)’, असं विचार.

हा हिशेब त्यांच्याकडूनही लेखी मिळतो. ६ एप्रिल २०२० पासून अटी ठरण्याआधी ‘की इन्फर्मेशन डॉक्युमेंट’ हा हिशेबाचा कागद देणं एजन्सीवर बंधनकारक आहे. मागितल्याशिवाय येत नाही, ही गोष्ट वेगळी! अंब्रेला त्यांच्या यादीतलीच घ्यावी लागेल. एप्रिल २०२६ पासून अंब्रेलाने कर बुडवला तर वसुली एजन्सीकडून होऊ शकते, त्यामुळे या बाबतीत ते हटून बसतात. यादीतलीच असली तरी ८५-९० टक्के हातात देतो म्हणणारी घेऊ नकोस. असल्या योजनांत बहुधा पगाराचा भाग कर्ज म्हणून दाखवतात आणि पुढे कराची नोटीस तुझ्या नावाने येते.

आउटसाइड म्हणाले तर तोंडी शब्दाला किंमत नाही. क्लायंट मध्यम किंवा मोठी खासगी कंपनी असेल तर इनसाइड की आउटसाइड ते ठरवणं एप्रिल २०२१ पासून क्लायंटचं काम आहे, आणि कारणांसकट लेखी ‘स्टेटस डिटर्मिनेशन स्टेटमेंट’ त्यानेच द्यायचं. क्लायंट छोटा असेल तर निर्णय आणि धोका दोन्ही तुझ्या लिमिटेड कंपनीचे, म्हणजे आउटसाइड कामासाठी तू स्वतःची काढशील त्या कंपनीचे.

आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा कागद. काँट्रॅक्टसोबत एक ‘ऑप्ट-आउट’ पत्र येईल, ‘सगळेच सही करतात’ म्हणून. करू नकोस. २००३ च्या कंडक्ट रेग्युलेशन्सचं संरक्षण सोडून देतोय, असं ते पत्र असतं. सही केली नाहीस तर क्लायंटने पैसे थकवले किंवा टाइमशीटवर सही राहिली, एवढ्या कारणाने एजन्सीला तुझे पैसे अडवता येत नाहीत. काम झालंय का याची खात्री तिने करून घ्यायची. शिवाय पुढे क्लायंटने तुला थेट घेतलं तर एजन्सी त्याच्याकडून ठरावीक काळच फी मागू शकते: काम संपल्यापासून ८ आठवडे किंवा सुरू झाल्यापासून १४, यांतलं जे नंतर येईल तोवर. ऑप्ट-आउटची अट घालून काम अडवणं नियमात बसत नाही. आणि क्लायंटशी तुझी गाठ घालून दिल्यानंतर ते पत्र सही करून घेतलं तर ते लागूही होत नाही. भांडू नकोस. ‘मी ऑप्ट-इन राहतो’ एवढी एक ओळ ईमेलमध्ये बास.

नोटीस पीरियडवर फार वेळ घालवू नकोस. चार आठवडे लिहिले असले तरी त्या काळात काम द्यायलाच हवं असं कलम बहुधा नसतं, त्यामुळे क्लायंटच्या बाजूने ते शून्यच धर. पासपोर्टचा स्कॅन ऑफरपर्यंत कुणालाही नको. तोवर ‘आयएलआर आहे’ इतकं पुरे, नंतर शेअर कोड (कामाचा हक्क ऑनलाइन तपासायचा सरकारी कोड) दे. तो ९० दिवस चालतो. ‘एससी क्लिअर्ड’ (सरकारी सुरक्षा तपासणी झालेले) लिहिलेल्या जाहिराती सध्या सोड. ते क्लिअरन्स स्वतःहून काढता येत नाही, कुणीतरी स्पॉन्सर करावं लागतं.

पहिलं काँट्रॅक्ट आलं की सही करण्याआधी मला पाठव, आणि सोबत तो हिशेबाचा कागद. दोन्हींतले आकडे जुळतात का तेवढं बघू. वहिनींना नमस्कार सांग, चिमुरडीला गोड पापा.

तुझा,
अभय