मावसबहीण

प्रिय मंजू,

चार महिने झाले तुझ्या पत्राला. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. माझी तब्येत बरी, आईचा गुडघा आहे तसाच.

गेल्या रविवारी समोरच्या नव्या काकू उकडीच्या मोदकांचा डबा घेऊन आल्या. रेवा ओट्याशी गाजरं किसत होती. काकूंनी सहज विचारलं, "ह्या कोण तुमच्या?" आणि माझ्या तोंडून निघालं, "मावसबहीण." किसणीचा आवाज थांबला नाही गं, त्याच लयीत चालू राहिला. थांबला असता तर बरं झालं असतं. हलवा झालाच नाही, कीस झाकून फ्रीजमध्ये गेला.

झोप येईना म्हणून सारा गेयली यांचं 'अपराइट विमेन वॉन्टेड' काढलं. २०२० ची छोटीशी कादंबरी, पहाटेपर्यंत संपली. पुढच्या काळातली अमेरिका, हुकूमशाही, नैऋत्येचं वाळवंट, पुन्हा घोडे आणि बंदुका. सरकारने मंजूर केलेली पुस्तकं गावोगाव पोचवणाऱ्या लायब्रेरियन बायकांच्या गाडीत एस्थर लपून बसते. तिचं जिच्यावर प्रेम, त्या बिआट्रिझला बंदी असलेलं साहित्य बाळगलं म्हणून फाशी झालेली, आणि बाप एस्थरचं लग्न लावतोय बिआट्रिझच्याच ठरलेल्या नवऱ्याशी.

पण मला उठवून बसवलं ते वेगळ्याच गोष्टीने. एस्थर मोकळं व्हायला पळत नाही. ह्या सरळमार्गी बायकांत राहिलं की आपणही सुधारू, मनातलं ते निघून जाईल, म्हणून पळते! मंजे, माझे सोळा सोमवार आठव. कशासाठी धरलेत ते फक्त तुला माहीत होतं, आणि सातव्या सोमवारी तू मिसळ आणून पुढ्यात ठेवलीस. मी महिनाभर बोलले नाही. अजूनही म्हणते, निदान पाव तरी गरम आणायचे होतेस.

आणि गाडीत तिला भेटतात कोण, तर बेट आणि लीडा, चांगल्या मुरलेल्या जोडीदारणी. एस्थरला तिथे कोणी व्याख्यान देत नाही. अशा बायका असतात, जगतात, हे तिला नुसतं बघायला मिळतं. आपल्याला विशीत एक तरी बेट-लीडा दिसायला हवी होती.

शिवाय त्यांच्याबरोबर गाडीत साय. (हो, मलाही आधी दुधाचीच आठवली.) ना तो, ना ती. पण गावात शिरताना साय 'ती' होऊन वावरते, जीव वाचवायला. बघ, मीही 'ती' लिहून बसले! मंगळवारी रेवाला गोष्ट सांगताना इथेच अडले. साय आली म्हणू की आला? रविवारनंतर ती पहिल्यांदा नीट बोलली: "सायने घोडा सोडला, सायने बंदूक उचलली, असं सांग. क्रियापद सायकडे बघतच नाही." मग आम्ही अर्धी गोष्ट 'सायने'वर रेटली. सायला झोप लागली इथपर्यंत निभावलं, साय उठायची वेळ आली तेव्हा दोघी हसत सुटलो.

हसणं थांबल्यावर ती म्हणाली, "सायला गावात फास होता. तुला काकूंची कसली भीती?"

ह्याचं उत्तर मला सापडत नाहीये, मंजू. ६ सप्टेंबर २०१८ ला, सुप्रीम कोर्टाने ३७७ कलमातून समलिंगी संबंधांना मोकळं केलं त्या दिवशी, तू फोनवर रडत ओरडलीस, "आता कोण काय करणार तुमचं?" कोणी काहीच केलं नाही. घर सोडायला लावलं नाही, दगड मारले नाहीत. तरी मावसबहीण. आणि खरं सांगायचं तर कोणता शब्द वापरू? 'पार्टनर' म्हटलं तर काकू विचारतील, कसला धंदा. 'सहचरी' म्हटलं तर वाटेल मी कविता वाचून दाखवतेय. 'मैत्रीण' म्हटलं तर मैत्रीण तूही आहेस.

तुझी बदली रद्द झाली का? चिनूला दात आले असतील. फोटो पाठव, सासूबाईंना नमस्कार.

काकूंचा डबा अजून आमच्याकडेच आहे. रिकामा कसा द्यायचा, म्हणून आज त्या किसाचा हलवा केला. उद्या संध्याकाळी द्यायला जायचंय. रेवा म्हणते, दोघी जाऊ. ती साडी नेसणार आहे.

तुझी,
सुमी