कॉमिक्सला बालविभागातून बाहेर काढा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत वाचक आपण काय वाचलं ते लिहितात, ते सदर मी न चुकता वाचते, पण त्यात कायम कादंबऱ्या, आत्मचरित्रं, फार तर एखादं प्रवासवर्णन. कॉमिक्सवर कुणी काही लिहिलेलं मला तरी आठवत नाही. म्हणून म्हटलं आपणच लिहावं. गेल्या दोन-अडीच महिन्यांत मी तीन पुस्तकं वाचली, त्यातली एक कादंबरी आणि दोन कॉमिक्स. म्हणजे हल्ली ग्राफिक नॉव्हेल म्हणतात ती, पण आमच्या लहानपणी सगळं कॉमिक्सच होतं, सो मी तेच म्हणणार.

सुरुवात भाचीमुळे झाली. ती सुट्टीला आली होती, म्हणाली मावशी तू 'भीमायन' वाचलं नाहीस? कराडात राहून? 'भीमायन' म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांचं चित्रांतलं चरित्र, त्याच्याशी कराडचा काय संबंध ते मला कळेना. लायब्ररीत गेले, कॅटलॉगमध्ये नाव होतं पण चरित्रांच्या कपाटात पुस्तक काही सापडेना, शेवटी मिळालं कुठे तर बालविभागात, रंगवायच्या वह्या आणि पंचतंत्राच्या मधे! परत करायला गेले तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "नातवाला आवडलं का?" मला नातू नाही, आणि त्या पुस्तकातलं पहिलं प्रकरण वाचून मला दोन रात्री नीट झोप लागली नव्हती, पण ते त्यांना काय सांगणार, मी आपली 'हो' म्हणून आले.

तर कराडचा संबंध. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचे बाबासाहेब, भाऊ आणि भाचे अशी सगळी पोरं साताऱ्याहून सातारा जिल्ह्यातल्याच गोरेगावला वडिलांकडे निघाली होती, वडील तिथे दुष्काळी कामावर खजिनदार होते. गाडीतून उतरली आमच्या कराडजवळच्या मसूरला. पुण्याला रेल्वेने जाताना हे स्टेशन लागतं, मी किती वेळा खिडकीतून बघितलं असेल, कधी मनात काही आलं नाही. न्यायला कुणी आलेलं नव्हतं कारण वडिलांना पत्रच पोचलं नव्हतं. स्टेशनमास्तरने आधी प्रेमाने चौकशी केली, नवे कपडे घातलेली चांगल्या घरची पोरं वाटली असणार, आणि जात कळल्यावर त्याचा चेहराच बदलला. मग बैलगाडीवाले नेईनात, एक तयार झाला तो दुप्पट भाड्यावर आणि गाडी पोरांनीच हाकायची या अटीवर, तो आपला बाजूने चालत. डबे भरलेले होते पण प्यायला पाणी कुणी देईना म्हणून ती तशीच उपाशी. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय आणि मी ते पूर्वी कुठेतरी वाचलंही होतं. मग या वेळी एवढं का लागलं?

माझ्या मते चित्रांमुळे. चित्रं काढलीत मध्य प्रदेशातल्या दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड नवरा-बायकोने आणि लेखन आहे श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं, २०११ साली आलं. यात कॉमिक्ससारख्या चौकटी नाहीतच. चौकटीत कोंडलं तर माणसं गुदमरतात, आमची कला खुली आहे, असं त्या दोघांचं म्हणणं शेवटी दिलंय. रेल्वेची गाडी सापासारखी वळत जाते. आणि बोलण्याचे जे फुगे असतात ना, ते गरीब, साध्या माणसाच्या बोलण्याला पक्ष्याच्या आकाराचे आणि ज्याच्या जिभेवर विष आहे त्याच्या बोलण्याला विंचवाची नांगी. म्हणजे वाक्य वाचायच्या आधीच डोळ्याला कळतं की आता डंख बसणार. हे शब्दात लिहायचं तर 'तो कुत्सितपणे म्हणाला' असं लिहावं लागतं आणि ते लिहिलं की संपलंच सगळं.

सगळंच आवडलं असं नाही हां. मधेमधे बसस्टॉपवर दोन माणसं रिझर्व्हेशनवर बोलतात आणि एक जण दुसऱ्याला समजावतो असा जो भाग आहे तो मला भाषण दिल्यासारखा वाटला. चवदार तळं आणि बडोद्यात राहायला जागा न मिळणं, हे दाखवल्यावर अजून समजवायचं काय राहतं? शिवाय मला मिळालेली प्रत इंग्रजी. मसूरची, महाडची, चाळीसगावची गोष्ट आणि ती मी इंग्रजीत वाचतेय, हे पचायला जरा वेळ लागला.

दुसरं कॉमिक्स 'माउस', अमेरिकेतल्या आर्ट स्पीगलमनचं, हिटलरच्या छळातून वाचलेल्या त्याच्या वडिलांची गोष्ट. यात ज्यू उंदीर आणि जर्मन मांजरं दाखवलीत, हे ऐकून मला आधी पोरकट वाटलं होतं, खरं सांगते. पण लक्षात राहिला तो छळछावणीतून वाचलेला म्हातारा बाप. रस्त्यात पडलेली वायर उचलून खिशात घालतो, अर्धं खाल्लेलं खाण्याचं पाकीट दुकानात परत देऊन येतो, मुलाला त्याची लाज वाटते, आपल्यालाही हसू येतं आणि मग लगेच आपलीच लाज वाटते. दोन भागांत आहे, १९९२ साली याला अमेरिकेतला मानाचा पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. तिथे बालविभागात ठेवलं नसावं.

त्यावरून मग विश्राम बेडेकरांची 'रणांगण' पुन्हा काढली. कॉलेजात असताना अभ्यासाला म्हणून वाचली होती आणि नुसती प्रेमकथा वाटली होती. बोटीवर भेटलेले चक्रधर आणि जर्मन ज्यू हॅर्टा, त्याला मुंबईत उतरायचंय आणि तिला उतरता येत नाही, पुढेच जावं लागतं. पुस्तक १९३९ चं! म्हणजे त्या छावण्यांमधलं पुढचं सगळं जगाला कळायच्या कितीतरी आधी एका मराठी माणसाने ती घरदार सुटलेली माणसं बोटीवर बघून ठेवली होती. 'माउस' नंतर वाचली की हॅर्टाच्या साध्या साध्या वाक्यांनीही पोटात गोळा येतो. आकाराने लहान आहे, दोन रात्रींत होते. चक्रधरचा मात्र या वेळी मला राग आला, कॉलेजात तो हिरो वाटायचा.

आता मुद्दा. चित्रांतून गोष्ट सांगणं ही काय बाहेरून आलेली फॅशन आहे का? मागे मालवणला जाताना आम्ही कुडाळजवळ पिंगुळीला थांबलो होतो, तिथे ठाकर समाजाची चित्रकथी आहे. सुट्या चित्रांची पोथी, एकामागून एक चित्र पुढे धरायचं आणि रामायण-महाभारतातली कथा गात गात सांगायची. कॉमिक्स म्हणजे दुसरं काय असतं हो? तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, आपण व्हॉट्सॲपवर अभिनंदन केलं आणि विसरलो. गोंड चित्रांतून बाबासाहेब उभे राहू शकतात तर पिंगुळीच्या शैलीत एखादी आजची मराठी गोष्ट, उसाच्या तोडणीची म्हणा, कोकणातल्या बंद घरांची म्हणा, का होऊ नये? माझ्या तरी वाचनात असं काही आलेलं नाही, कुणी केलं असेल तर जरूर कळवा, मी विकत घेईन.

आणि आपल्याला सवय नाही असंही नाही. १९९१ पासून चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' घरोघर आला तेव्हा आमच्याकडे बाबा आधी चिंटू वाचायचे आणि मग पहिलं पान, वर आम्हाला म्हणायचे कॉमिक्स वाचून डोकं बिघडतं! इंद्रजाल कॉमिक्सचे वेताळ आणि मँड्रेक तर मी आणि भावाने कोपऱ्यावरच्या दुकानातून भाड्याने आणून गणिताच्या पुस्तकात लपवून वाचलेत.

तर विनंती एवढीच की सदरात कॉमिक्सलाही जागा द्या, आणि जमलं तर पुरवणीचं अर्धं पान दर आठवड्याला एका मोठ्यांच्या क्रमशः चित्रकथेला द्या, राशिभविष्य थोडं आखडलं तरी चालेल. लायब्ररीत मी चिठ्ठी देऊन आलेय की 'भीमायन' चरित्रांत ठेवा, बघू काय करतात.

आणि हो, कुणा वाचकाकडे मराठी इंद्रजालचे जुने अंक असतील तर तुमच्यामार्फत कळवावं. विकत नको असेल द्यायचं तर भाड्याने पण चालतील, गणिताचं पुस्तक आता लागणार नाही.

आपली,
एक नियमित वाचक, कराड