बोधचिन्हाआधी देखभालीचा हिशेब मागा

प्रति,
संपादक महोदय,

बीपी या ब्रिटिश बहुराष्ट्रीय तेल कंपनीच्या प्रमुखपदी मेग ओ'नील यांची निवड झाल्याचे डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. २०२० पासून या पदावर नेमल्या गेलेल्या त्या तिसऱ्या व्यक्ती आहेत. नेतृत्वबदलाची अशी बातमी आली की कंपनीची नवी दिशा, नवी घोषणा आणि समभागाचा भाव यांचीच चर्चा होते. तेलशुद्धीकरण कारखान्यात तीस वर्षे मापनयंत्रांची देखभाल केलेला माणूस म्हणून मला या चर्चेत एक उणीव सतत जाणवते. कंपनीने स्वतःला काय म्हणवून घ्यावे यावर रकानेच्या रकाने लिहिले जातात, पण तिची यंत्रे कोणत्या स्थितीत आहेत आणि त्यांच्या देखभालीवर ती काय खर्च करते, हे क्वचितच कोणी विचारतो.

आपल्याकडे 'बीपी' म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे भारत पेट्रोलियम येते, म्हणून आधी एक खुलासा करतो. भारत पेट्रोलियम ही बर्मा-शेलच्या राष्ट्रीयीकरणातून १९७६ साली उभी राहिलेली आपली सरकारी कंपनी आहे. मी लिहितो आहे ती बीपी १९०९ साली अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी म्हणून स्थापन झाली. १९३५ मध्ये पर्शियाचा इराण झाला तेव्हा ती अँग्लो-इराणियन झाली, आणि इराणने १९५१ मध्ये तेलाचे राष्ट्रीयीकरण केल्यावर तिथली मक्तेदारी गेली, तेव्हा १९५४ मध्ये तिने ब्रिटिश पेट्रोलियम हे नाव घेतले. ही नावे घडून गेलेल्या गोष्टींच्या मागून आली होती. २००० सालचे नामांतर मात्र वेगळे होते, कारण जे अजून घडलेलेच नव्हते त्याची ग्वाही त्यात दिलेली होती.

त्या वेळचे प्रमुख जॉन ब्राऊन यांच्याविषयी मी आदरानेच लिहीन. मे १९९७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी हवामानबदलाचा धोका उघडपणे मान्य केला. तेल उद्योगातले बहुतेक बडे अधिकारी तेव्हा हा विषय झटकून टाकत होते, त्यामुळे असे बोलायला धैर्य लागत होते. कंपनीच्या स्वतःच्या कामकाजातून होणारे उत्सर्जन १९९० च्या पातळीपेक्षा दहा टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्टही त्यांनी ठरवले आणि ते मुदतीच्या कितीतरी आधी गाठले. त्यानंतर जुलै २००० मध्ये जुन्या ढालीच्या जागी हिरव्या-पिवळ्या पाकळ्यांचे सूर्यफुलासारखे चिन्ह आले. ग्रीक सूर्यदेवतेवरून त्याला 'हेलिओस' असे नाव दिले गेले आणि बीपी या अक्षरांचा 'पेट्रोलियमच्या पलीकडे' असा नवा अर्थ जाहिरातींतून जगभर सांगितला गेला. कंपनीचे उत्पन्न मात्र तेव्हाही जवळजवळ सगळे तेल आणि वायूतूनच येत होते.

याच काळात कंपनी झपाट्याने वाढत होती. १९९८ मध्ये अमोको, २००० मध्ये आर्को आणि बर्मा कॅस्ट्रॉल या कंपन्या तिच्यात आल्या. अमोकोबरोबर अमेरिकेतल्या टेक्सास सिटीचा जुना, प्रचंड तेलशुद्धीकरण कारखानाही आला, आणि विलीनीकरणानंतर १९९९ मध्ये स्थिर खर्चात पंचवीस टक्के कपात करण्याचा आदेश सगळ्या कारखान्यांना गेला. या कपातीचा परिणाम काय झाला ते मला थोडे तपशिलाने सांगायचे आहे, कारण माझे आयुष्य त्याच प्रकारच्या यंत्रांबरोबर गेले आहे.

२३ मार्च २००५ रोजी टेक्सास सिटीत दुरुस्तीनंतर एक विभाग पुन्हा सुरू केला जात होता. सुमारे १७० फूट उंचीच्या एका कॉलममध्ये (तेलाचे घटक वेगळे करणाऱ्या मनोऱ्यात) द्रव भरला जात होता. तळाशी त्याची पातळी काही फूटच असायला हवी होती, पण तासन्‌तास भरणा चालू राहिला आणि कॉलम वरपर्यंत भरत गेला. त्या वेळी नियंत्रण कक्षाला पातळी कळवणारा लेव्हल ट्रान्समीटर ती हळूहळू उतरत असल्याचे दाखवत होता. पातळी वाढल्याचा इशारा देणारा वेगळा अलार्म वाजलाच नाही. अशा वेळी माणूस प्रत्यक्ष जागेवर जाऊन काचेच्या गेजमधून पातळी बघतो, पण ती काच आतून काळवंडलेली होती आणि तिच्यातून काहीही दिसत नव्हते. कॉलम ओसंडला, ज्वलनशील द्रव कालबाह्य ब्लोडाउन ड्रममध्ये (जास्तीचा द्रव-वायू सोडण्याच्या टाकीत) गेला, आणि त्या ड्रमला फ्लेअर (वायू सुरक्षितपणे जाळून टाकणारा मनोरा) जोडलेला नसल्यामुळे तो कारंज्यासारखा उघड्या हवेत उसळला. जवळच इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या एका वाहनामुळे वाफेच्या ढगाने पेट घेतला. पंधरा जण ठार झाले, सुमारे १८० जखमी झाले. मेलेले सगळे कंत्राटदारांचे लोक होते. त्यांची तात्पुरती कार्यालये याच विभागाशेजारी थाटलेली होती, आणि अपघाताविना काम केल्याबद्दलचे जेवण आटोपून त्यांच्यापैकी काही जण नुकतेच परतले होते. अमेरिकी तपास यंत्रणेच्या अहवालात ही सगळी साखळी नोंदलेली आहे. नियंत्रण कक्षातल्या एका कर्मचाऱ्याने त्याआधी सलग २९ दिवस बारा-बारा तासांची पाळी केली होती, हेही त्यात आहे.

त्या काळ्या काचेवर मी इतका का थांबलो, ते सांगतो. मी जिथे काम केले त्या कारखान्यात एकदा नवे बोधचिन्ह आले. पाहुणे येणार म्हणून टाक्यांवर ते चिन्ह रंगवायला पंधरा दिवसांत शिड्या, रंगारी आणि मंजुऱ्या सगळे जमले. त्याच सुमारास एका पात्राची गेजची काच धुरकट झाली होती. ती बदलण्याची चिठ्ठी मी दिली, पुन्हा दिली, तिसऱ्यांदा स्वतः जाऊन दिली. काच आली तेव्हा तीन महिने होऊन गेले होते. तोवर आमचा पाळीवरचा मुलगा रोज विजेरी लावून, मान वाकडी करून त्या काचेत पातळी शोधायचा आणि वहीत अंदाजाने आकडा लिहायचा. आमच्याकडे काही विपरीत घडले नाही, पण टेक्सास सिटीचा अहवाल वाचताना मला त्या मुलाची वाकडी मान आठवत राहिली.

जानेवारी २००७ मध्ये माजी अमेरिकी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांच्या समितीने या रोगावर नेमके बोट ठेवले. पाय घसरणे, हात कापणे अशा वैयक्तिक दुखापतींची आकडेवारी बीपी काळजीपूर्वक मोजत होती आणि ती सुधारल्यामुळे निर्धास्त होती. दाब, पातळी, गंज, झडपा यांची म्हणजे प्रक्रियेची सुरक्षितता तिच्या वरिष्ठांच्या नजरेतून सुटली होती. आपल्याकडच्या कारखान्यांच्या फाटकांवरही 'अपघाताविना इतके दिवस' असे फलक असतात. ते जरूर असावेत, पण आतली पाइपलाइन किती गंजली आहे हे त्या फलकावरून कधीच कळत नाही. बीपीच्या अलास्कातल्या प्रूडो बे क्षेत्रात मार्च २००६ मध्ये नेमकी अशीच गंजलेली पाइपलाइन फुटली आणि लाखो लिटर तेल टुंड्राच्या बर्फावर पसरले.

२००७ मध्ये ब्राऊन गेले आणि टोनी हेवर्ड आले. सुरक्षेवर सारे लक्ष केंद्रित करण्याचे वचन देऊनच त्यांनी सूत्रे घेतली होती. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या विहीर खोदणाऱ्या तरंगत्या मंचावर स्फोट झाला, अकरा कामगार गेले आणि विहीर ८७ दिवस तेल ओकत राहिली. त्याच दिवशी त्या मंचावर कंपनीचे अधिकारी पाहुणे म्हणून आले होते, आणि गौरव चालला होता तो सात वर्षे मोठी दुखापत न होण्याचा. विहिरीच्या दाबाच्या चाचणीचा अर्थ त्याच दिवशी चुकीचा लावला गेला. पुढे या दुर्घटनेचा खर्च साडेसहा हजार कोटी डॉलरच्या पुढे गेला. हेवर्ड यांच्यानंतर आलेल्या बॉब डडली यांनी कंपनी वाचवली, पण ती वाचवताना मालमत्ता विकल्या, आणि २०११ अखेर सौरऊर्जेचा विभागही बंद केला. चिन्हातला सूर्य तसाच राहिला.

फेब्रुवारी २०२० मध्ये बर्नार्ड लूनी आले. २०३० पर्यंत तेल व वायूचे उत्पादन चाळीस टक्क्यांनी घटवण्याचे त्यांचे उद्दिष्ट या उद्योगात अभूतपूर्व होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पंचवीस टक्क्यांवर आणले गेले. त्याच सप्टेंबरात, सहकाऱ्यांशी असलेल्या वैयक्तिक संबंधांची पूर्ण माहिती संचालक मंडळाला न दिल्यामुळे लूनी यांना पद सोडावे लागले. त्यांच्या जागी आलेल्या मरे ऑचिनक्लॉस यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये उत्पादनघटीचे धोरणच गुंडाळले. तेल व वायूतली गुंतवणूक वर्षाला सुमारे एक हजार कोटी डॉलर करण्याचे आणि ऊर्जा-संक्रमणावरचा, म्हणजे तेलाकडून स्वच्छ ऊर्जेकडे वळण्यावरचा, नियोजित वार्षिक खर्च पाचशे कोटी डॉलरहून अधिक कापण्याचे ठरले. वर्ष संपायच्या आत त्यांचेही जाणे जाहीर झाले.

यातल्या प्रत्येकाचा हेतू खोटा होता असे मी म्हणणार नाही. अडचण काळाच्या हिशेबाची आहे. प्रमुखाला चार-पाच वर्षे मिळतात, भागधारक दर तिमाहीला उत्तर मागतात, आणि कॉलम, पाइपलाइन, विहीर यांचे आयुष्य तीस-चाळीस वर्षांचे असते. नवे नाव त्या चार वर्षांत दिसते, पुढे ढकललेली दुरुस्ती मात्र नंतरच्या कोणाच्या तरी कारकिर्दीत उघडी पडते, आणि तिची किंमत पाळीवर असलेला माणूस देतो.

हा विषय मराठी वाचकांपासून दूरचा नाही. बीपीचे मोठे सेवा केंद्र पुण्यात आहे आणि तिथे आपली मुले-मुली काम करतात. रिलायन्सबरोबरच्या भागीदारीतला 'जिओ-बीपी'चा पहिला पंप २०२१ मध्ये नवी मुंबईजवळ नावडे येथे सुरू झाला. सर्वात महत्त्वाचे म्हणजे, जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने अरबी समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्रासाठी तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून बीपीची निवड केली. या जुन्या क्षेत्रातून दहा वर्षांत तेल ४४ टक्क्यांपर्यंत आणि वायू ८९ टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, असा अंदाज तेव्हा देण्यात आला. हे आकडे आपल्या सर्वच वृत्तपत्रांत ठळकपणे आले.

मुंबई हाय येथे २७ जुलै २००५ रोजी, म्हणजे टेक्सास सिटीनंतर अवघ्या चार महिन्यांनी, एका जहाजाची वायुवाहिनीला धडक बसून लागलेल्या आगीत एक अख्खा मंच जळून गेला आणि २२ जणांचा मृत्यू झाला. आदल्या दिवशीच्या महापुरात मुंबई बुडालेली असल्यामुळे ती बातमी पुष्कळांपर्यंत पोहोचलीही नाही. म्हणून माझी आपणास विनंती आहे की, आपल्या वार्ताहरांनी या कराराचा पाठपुरावा करताना उत्पादनवाढीच्या टक्क्यांबरोबर आणखी काही गोष्टी ओएनजीसी आणि बीपी या दोघांनाही दरवर्षी विचाराव्यात: जुन्या मंचांच्या आणि समुद्राखालच्या वाहिन्यांच्या तपासणीसाठी किती रक्कम ठेवली, त्यातली किती खर्च झाली, मुदत उलटून गेलेल्या दुरुस्त्या किती आहेत, आणि तिथे राबणाऱ्या कंत्राटी कामगारांना काम थांबवण्याचा अधिकार लेखी दिलेला आहे का. मिळालेली उत्तरे, किंवा उत्तर मिळाले नाही ही गोष्ट, कृपया त्याच ठळक अक्षरांत छापावी.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट अभियंता,
चेंबूर, मुंबई