बॅसिलिकेचा गिलावा कोणी उतरवला?

संपादक महोदय,

जुन्या गोव्यातील बॉम जिझस बॅसिलिकेला पुन्हा गिलावा करण्याचा विषय निघाला, की ‘मूळचा लाल रंग झाकू नका’ असा सूर लागतो. हा लाल रंग मूळचा नव्हेच. १५९४ ते १६०५ या काळात बांधलेली ही वास्तू सुमारे साडेतीन शतके चुन्याच्या गिलाव्यात होती. शेजारचे से कॅथेड्रल आजही पांढरेच आहे.

गिलावा उतरवला तो १९५० च्या दशकात, पोर्तुगालहून आलेले वास्तुविशारद बाल्ताझार कास्त्रो यांच्या देखरेखीखाली. काळ लक्षात घ्या. भारताने गोवा मागितला होता, पोर्तुगालच्या सालाझार राजवटीने १९५१ मध्ये वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ ठरवले होते आणि १९५२ मध्ये, ज्यांचे पार्थिव याच बॅसिलिकेत आहे त्या सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या मृत्यूला ४०० वर्षे होत होती. आपण इथे किती जुने आहोत हे दाखवण्याची पोर्तुगीजांना घाई होती, आणि उघडा चिरा, म्हणजे लाल जांभा दगड, जुना दिसतो! त्याच जुन्या गोव्यात १८३५ मध्ये धर्मसंघांना हाकलल्यावर सेंट ऑगस्टिन चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळू दिले, तेही सरकारच पोर्तुगीजांचे.

हौस त्यांची, भुर्दंड दगडाला. चिरा खाणीतून निघतो तेव्हा पात्याने तासता येईल इतका मऊ असतो. वाऱ्याउन्हात वरचा थर कडक होतो. पण त्याच्या भोकांत पिवळी माती असते. गोव्यात वर्षाला सुमारे ३०० सेंटिमीटर पाऊस पडतो. झड लागली की ही माती धुपते, भोके मोठी होतात, मग कडा सुटतात. दर्शनी भिंतीवरची काळ्या दगडाची नक्षी पाहा आणि लगतचा चिरा पाहा, फरक डोळ्यांना दिसतो. गावात उघड्या चिऱ्याच्या भिंतीला पावसाळ्याआधी झाप (माडाच्या झावळ्यांचे विणलेले पडदे) बांधायचे, ते उगीच नव्हे.

मात्र घाईने सिमेंट लावाल तर आजार बरा होण्याऐवजी आत जाईल. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. क्षार मागे साचतात आणि काही वर्षांत गिलावा चिऱ्याचा पापुद्रा घेऊनच सुटतो. हवा तो चुना, निदान काही महिने पाण्यात मुरवलेला. एक भाग चुन्याला साधारण तीन भाग नदीची धुतलेली वाळू. किनाऱ्यावरची खारी वाळू अजिबात नको. आधी शेवाळ आणि सुटी माती मऊ ब्रशने काढावी, सांधे मोकळे करावेत, भिंत भिजवावी. एका थराची जाडी १० ते १२ मिलिमीटरच्या वर गेली तर तडे जातात. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने सावकाश धरतो, म्हणून थर अनेक दिवस ओलसर ठेवून मगच पुढचा. काम पाऊस ओसरल्यावर सुरू करावे, नाहीतर कच्चा चुना पहिल्याच सरीत वाहून जाईल. वर चुन्याची सफेदी, आणि ती वरचेवर.

संपूर्ण वास्तूला एकदम हात घालण्याची गरज नाही. पावसाच्या माऱ्यातल्या एका भिंतीवर दोन-तीन मीटरचा चौकोन करून दोन पावसाळे पाहावा, शेजारी तेवढाच उघडा चिरा मोजत राहावा. पर्यटनाच्या फलकांवरचा लाल फोटो तोवर बदलायला वेळ आहे.

एक वाचक, फोंडा