चि. निखिलला, नवा करार करण्यापूर्वी

चि. निखिल यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

नाट्यगृहाशी असलेला करार यंदा वाढवणार नाहीस आणि ऑगस्टपासून पाहुणा कलावंत म्हणून स्वतंत्रपणे बॅले नाचणार आहेस, हे तू रविवारी फोनवर सांगितलेस. त्यावर बाबा जे बोलले ते मी येथे पुन्हा उगाळत नाही. त्यांचा राग दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंतही टिकला नाही; मात्र तू फोन केल्याशिवाय ते करणार नाहीत, हे तुला ठाऊक आहेच. घोट्याविषयी या पत्रात एक अक्षरही लिहायचे नाही, असे ठरवून बसले आहे.

तुझे म्हणणे मला कळले नाही, असे समजू नकोस. तेथे वर्षाकाठी एखादीच मोठी भूमिका वाट्याला येते आणि बाकीचा हंगाम समूहनर्तकांच्या रांगेत उभे राहण्यात जातो. उलट बाहेरून बोलावणे आले की थेट ‘हंस सरोवरा’तला सीगफ्रीड किंवा ‘जिझेल’मधला आल्ब्रेख्त. डिसेंबरमध्ये अमेरिकेत गावोगावच्या बॅलेशाळा आणि लहान मंडळ्या ‘नटक्रॅकर’ हे नाताळचे नृत्यनाट्य करतात. त्यांच्याकडे मुलींची वानवा नसते, पण साखरपरीला डोक्यावर उचलून धरील असा तयार पुरुष नर्तक नसतो. म्हणजे लग्नसराईत भटजींना असते तशीच तुम्हा लोकांना त्या महिन्यात मागणी. पैसेही बरे मिळतात, हे मान्य. बाहेरचा कलावंत बोलावण्याची ही प्रथा काही आजची नाही. ‘हंस सरोवरा’त काळ्या हंसिणीची एका पायावरची जी 32 आवर्तने प्रेक्षक अजून श्वास रोखून मोजतात, ती 1895 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये पिएरिना लेन्यानी या इटलीहून आलेल्या नर्तकीनेच त्या नृत्यनाट्यात आणली होती.

पण जरा नीट पाहा. रशियन नर्तक नुरेयेव 1961 साली पॅरिसच्या विमानतळावर आपल्या मंडळीपासून तुटला आणि पुढच्याच फेब्रुवारीत लंडनला मार्गो फाँटेनबरोबर ‘जिझेल’ नाचला. तो 23 वर्षांचा होता आणि ती 42 वर्षांची. फ्रेंच नर्तकी सिल्वी गिलेमने 1989 साली पॅरिस ऑपेरा सोडला. क्यूबाचा कार्लोस अकोस्टा 1998 पासून लंडनच्या रॉयल बॅलेमध्ये होता आणि 2003 नंतर तेथेच प्रमुख पाहुणा कलावंत झाला. हे तिघे जगभर नाचले खरे, पण तिघांचेही लंडनमधल्या त्या एकाच संस्थेशी पक्के नाते होते. तेथला रोजचा वर्ग, तेथले तालीममास्तर आणि पाय दुखला तर तपासणारा माणूस त्यांच्या हक्काचा होता. पाहुणा म्हणवून घेणे त्यांना परवडले, कारण परत यायला घर होते.

आणि डेव्हिड हॉलबर्ग. 2011 साली मॉस्कोच्या बोल्शॉयमध्ये प्रमुख नर्तक झालेला तो पहिला अमेरिकन, आणि त्याच वेळी न्यूयॉर्कमध्येही प्रमुख. 2014 साली त्याचा घोटा गेला. शस्त्रक्रिया झाल्या, तरी पाय धरेना. शेवटी मेलबर्नला ऑस्ट्रेलियन बॅलेच्या उपचारकांनी वर्षभर कष्ट घेऊन त्याला उभा केला, तेव्हा कुठे 2016 च्या अखेरीस तो पुन्हा रंगमंचावर आला. एवढ्या मोठ्या माणसालासुद्धा कोण्या मंडळीच्या दारात जावेच लागले. तुझ्या डाव्या घोट्यासाठी असे कोणते दार उघडे राहणार आहे?

लिहायचे नाही म्हणून शेवटी लिहिलेच. गेल्या हिवाळ्यात तुझा अस्थिबंध फाटला, तेव्हा अपघात विम्यातून उपचार झाले, आधी पगार आणि पुढे भत्ता मिळत राहिला, आणि नाट्यगृहाची ती उंच बाई रोज तुझा पाय हातात घेऊन बसत होती. आता नाईटवर, म्हणजे प्रयोगागणिक पैसे घेऊन, काम करशील. उभा राहिलास तर नाईट, नाही तर काही नाही. अण्णाकाकांनी आयुष्यभर नाईटवरच कामे केली, आणि त्यांची शेवटची वर्षे आपण सर्वांनी पाहिली आहेत. तूच सांगतोस की गुरुवारी पोहोचायचे, शुक्रवारी कधी न पाहिलेल्या मुलीबरोबर उचलण्याचे सारे डाव बसवायचे आणि शनिवारी प्रयोग. कुठे रंगमंच सपाट, कुठे पॅरिसच्या पाले गार्निएसारखा प्रेक्षकांकडे उतरता. उतरत्या फळ्यांवर उडी मारून खाली येताना भार कशावर पडतो, हे मी तुला सांगायला हवे का?

वर्गात फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलू लागले, क्षमा कर. सवय जात नाही.

चाळीच्या गॅलरीत तू कठडा धरून तासन्‌तास पाय ताणायचास, तेव्हा शिंदेकाकू वाळत घातलेले कपडे मुकाट्याने काढून घ्यायच्या. तुझ्या तळहाताएवढ्या जागेवरचा हिरवा रंग झिजून खालचे लाकूड गुळगुळीत झाले होते. बाबा म्हणायचे, ‘याला एखादा व्यवसाय शिकव.’ ‘शिकतो आहे तो व्यवसायच आहे,’ असे मी ठणकावून सांगितले होते, आणि आजही तेच सांगेन. नलूमावशीने तुझी ती ‘गाला’ कार्यक्रमातली चित्रफीत सोसायटीतल्या एकूण एक माणसाला दाखवली. लोक उड्या पाहत होते. मी तू डाव्या पायावर कसा उतरतोस ते पाहत होते.

म्हणून एवढेच मागते. नाट्यगृह सोड, पण त्याआधी तेथे किंवा दुसऱ्या एखाद्या ठिकाणी हंगामातले काही प्रयोग नक्की करून घे, आणि रोजच्या वर्गाचा व उपचारांचा हक्क करारात लिहून घे. स्वतंत्र कलावंतालाही ऐच्छिक अपघात विमा घेता येतो, असे तूच म्हणाला होतास, घेतलास का? परदेशात राहण्याचा परवाना त्या नोकरीवर दिलेला आहे, त्याचे काय करणार आहेस? ही उत्तरे आली की मी तुला पुन्हा अडवणार नाही. बाबांनाही मीच समजावीन; पण फोन तू कर, सकाळी नऊनंतर.

तुझी
आई

ता. क. बाबांनी तुझ्या प्रयोगांची टेक्सासमधली ती तिन्ही गावे नकाशावर शोधून ठेवली आहेत. दोन प्रयोगांच्या मधला प्रवास गाडीने करावा लागणार, तर गाडी कोण चालवणार, असे ते विचारत आहेत.